मोटारी बंद, तरी ऑगस्टचं बिल ४४ हजार युनिटांचं. कंडेन्सर काढून टाकू का?

नदीकाठचा सेक्रेटरी

नमस्कार मंडळी. पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका सहकारी पाणीपुरवठा संस्थेचा मी सेक्रेटरी. शिक्षण बी.कॉम., विजेतलं ज्ञान फ्यूज बांधण्यापुरतं. तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

संस्थेचं ११ केव्हीचं एचटी (उच्चदाबाचं) कनेक्शन आहे, एक्स्प्रेस फीडरवर, म्हणजे वेगळ्या लाईनवर. ट्रान्सफॉर्मर स्वतःचा, ३१५ केव्हीएचा. जॅकवेलवर (नदीकाठच्या उपसा विहिरीवर) १०० एचपीच्या तीन मोटारी. दोन चालतात, एक राखीव, आलटून पालटून. २०१९ च्या पुरात आमचं जुनं पॅनेलघर पत्र्यासकट पाण्याखाली होतं. २०२१ ला पाणी पुन्हा आत आलं, तेव्हा सभासदच म्हणाले की आता वर घ्या. वर घेतलं, गावाच्या अंगाला. तिथनं जॅकवेलपर्यंत १८० मीटर केबल आहे. यंदाच्या मार्चात पॅनेलही नवं केलं आणि त्यातच ७५ केव्हीएआरचा (हे कॅपॅसिटरचं माप) कॅपॅसिटरचा कप्पा आला. २५ चे दोन डबे, साडेबाराचे दोन.

आता दुखणं सांगतो. ऑगस्टात नदी भरून वाहत होती, पाऊस होता, कुणालाच पाणी नको. महिनाभर मोटारी बंद. पॅनेलघरातला दिवा, वॉचमनचा पंखा आणि पाझराचं पाणी उपसायला एक छोटा पंप, एवढंच चालू. बिल आलं त्यात केडब्ल्यूएच, म्हणजे नेहमीचं युनिट, १,२४०. बरोबर वाटतं. पण त्याच्या खाली आरकेव्हीएएच लीड म्हणून ४४,६०० आणि बिलाचं युनिट धरलंय ४४,६१७ केव्हीएएच! मे महिन्यात दोन मोटारी रोज एकोणीस-वीस तास पळाल्या, तेव्हा १,०३,७०० युनिट आलं होतं. म्हणजे काही न करता त्याच्या जवळजवळ निम्मं.

चेअरमन जुन्या वळणाचे आहेत. ते कॅपॅसिटरला अजून कंडेन्सर म्हणतात. त्यांचं म्हणणं, "हे कंडेन्सरचं खूळ काढून टाका. माझ्या मळ्यातल्या पाचच्या मोटारीला पंचवीस वर्षं कंडेन्सर नाही, काय अडलं?" आणि खरं सांगायचं तर कनेक्शन घेताना त्यांनी तो लावला होता, वीज कंपनीची माणसं बघून गेल्यावर काढून माळ्यावर टाकला. अजून तिथंच आहे.

आणखी एक. जूनमध्ये २५ चा एक डबा फुगून फाटला. सकाळी गेलो तर कप्प्याचं दार ढकलून बाहेर आलेलं, आत भिंतीवर काळा चिकट राप, आणि वास असा की दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. वायरमननं नवा डबा बसवला, म्हणाला आता जास्त व्होल्टचा घातलाय, फुटायचा नाही.

कारखान्यांच्या मोळ्या पडायच्या आत, म्हणजे उसाचं गाळप सुरू व्हायच्या आत, मोटारी चालू होतील. त्याआधी काय ते ठरवायचंय. काढून टाकू का? सभेत मला उभं करतील हो.

मळईचा पाटील

काढा सरळ. आमच्याकडं एकजण घरी प्लगमध्ये लावायचा पॉवर सेव्हरचा डबा विकून गेला, म्हणला त्यात कॅपॅसिटर आहे, बिल तीस टक्के उतरेल. दमडी उतरली नाही. सगळा तोच धंदा.

कुपवाडचा ठेकेदार

पाटील, घरचं बिल केडब्ल्यूएचवर असतं. तिथं कॅपॅसिटर लावून मीटरला काही फरक पडत नाही, म्हणून तो डबा फसवणूकच. पण यांचं एचटी आहे. राज्यात एचटी ग्राहकांना १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे कामाची आणि बिनकामाची वीज मिळून, बिल लागतं. त्याआधी केडब्ल्यूएचवर बिल आणि पॉवर फॅक्टरचं (पीएफ, म्हणजे केव्हीएएचमध्ये कामाच्या केडब्ल्यूएचचा वाटा) बक्षीस-दंड वेगळं असायचं. आता बक्षीसही नाही, दंडही नाही, सगळं त्या एका युनिटातच मिसळलंय. हे सोडून दोघांची तुलना करू नका.

सेक्रेटरीसाहेब, मी कुपवाड एमआयडीसीत सत्तावीस वर्षं पॅनेल बनवतोय. तुमचं बिल वाचलं आणि चहा गार झाला. काढू नका. तुमच्या कॅपॅसिटरचा दोष नाही, तो बंद होत नाही हा दोष आहे.

आधी हिशेब. ऑगस्टात ३१ दिवस, म्हणजे ७४४ तास. ४४,६०० ला ७४४ नं भागा. येतात ६०. म्हणजे तुमच्याकडं महिनाभर, रात्रंदिवस, ६० केव्हीएआर लाईनवर चढवलेले होते आणि ते खायला एकही मोटार नव्हती. ते सगळे उलटे वीज कंपनीच्या तारेत गेले. मीटर त्याला लीड म्हणतं. मोटार ओढते तो लॅग. बिलात दोन्ही एकाच पोत्यात भरतात. तुमचेच आकडे घालून बघा: १,२४० चा वर्ग अधिक ४४,६०० चा वर्ग, आणि बेरजेचं वर्गमूळ. ४४,६१७ येतं की नाही? मे महिन्यात लॅग आणि लीड किती दाखवलाय तो आकडा टाका, मग पुढचं सांगतो.

आता चेअरमनसाहेबांसाठी. पाण्याच्या माणसाला पाण्यातच सांगतो. तुमची रायझिंग मेन असते ना, ती भरल्याशिवाय वरच्या चेंबरमध्ये थेंब पडत नाही. पाइपातलं पाणी कुणाच्या उसाला मिळत नाही, पण ते लागतंच. मोटारीला चुंबक उभं करायला जो करंट लागतो तो तसा. काम करत नाही, पण त्याच्याशिवाय मोटार फिरत नाही. सेकंदाला शंभर वेळा तो येतो आणि परत जातो. कॅपॅसिटर म्हणजे हे पाणी शेजारच्या टाकीत ठेवणं, म्हणजे दर वेळी नदीपासून ओढायला नको. उपमा यापुढं ताणू नका, तुटेल.

१०० एचपीची मोटार म्हणजे ७४.६ किलोवॅट शाफ्टला. कार्यक्षमता ९२ टक्के धरली तर आत ८१ किलोवॅट जातात. पॉवर फॅक्टर ०.८५ धरा, तर ती ५० केव्हीएआर मागते. दोन मोटारींचे १००. वर ट्रान्सफॉर्मरचे स्वतःचे आठ-दहा. म्हणजे चालू असताना तुम्हाला साधारण ११० लागतात, आणि बंद असताना ट्रान्सफॉर्मरपुरते पाचेक. हे ११० आणि ५ यातलं अंतर कुणीतरी सांभाळायला हवं. ते काम एपीएफसी रिलेचं, तो गरजेप्रमाणे डबे आपोआप घालतो-काढतो. पॅनेलच्या दारावर छोटा डिजिटल डबा असेल, त्यात पीएफचा आकडा दिसतो. त्याच्या शेजारी ऑटो-मॅन्युअलची खुंटी असेल. ती कुठं आहे ते बघा आणि सांगा. मी पैज लावतो.

दुसरं, मोटारी बंद असताना टाँग टेस्टर (वायरीला चिमटा लावून करंट मोजायचं यंत्र) घेऊन ट्रान्सफॉर्मरकडून येणाऱ्या एलटी (कमी दाबाच्या) केबलवर लावा. एकेका फेजला. आणि प्रत्येक डब्याच्या वायरला वेगळा. वायरमनला बरोबर घ्या, एकट्यानं दार उघडू नका.

नदीकाठचा सेक्रेटरी

पैज जिंकलात. खुंटी मॅन्युअलवर. वायरमनला विचारलं तर म्हणतो, पॅनेल बसवणाऱ्या पोरांनीच सांगितलंय ऑटोवर ठेवू नका, काँटॅक्टर (डबे जोडणारे-सोडणारे स्विच) टकटक करत राहतात. चारी बटणं वर करून ठेवलेली. मार्चपासून!

टाँग टेस्टरची रीडिंग वहीत लिहून आणलीत. व्होल्टेज ४२०. मोटारी बंद. एलटी केबलवर तिन्ही फेजला ८४, ८४, ८५ अँपिअर. मी आणि वायरमन एकमेकांकडं बघत बसलो. अख्खं पॅनेलघर शांत आणि केबलमधनं चौऱ्याऐंशी अँपिअर चाललाय.

डबे: साडेबाराचे दोन्ही साधारण १६, जुना पंचवीसचा ३१, आणि नवा पंचवीसचा फक्त २२. हा नवा कमी का? डुप्लिकेट दिला का हो?

मे महिन्याचे आकडे: केडब्ल्यूएच ९६,४००, लॅग २९,७००, लीड ८,५००.

कुपवाडचा ठेकेदार

डुप्लिकेट नाही. नव्या डब्यावरचं व्होल्टेज वाचा, ५२५ लिहिलेलं असणार. कॅपॅसिटर व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबात चालतो. ५२५ वर २५ केव्हीएआर देणारा डबा ४१५ वर १५.६ च देतो. ४४० वाला २५ चा डबा ४१५ वर २२ देतो. ५२५ चे डबे मुळात रिॲक्टरच्या (तारेच्या वेटोळ्याच्या) जोडीला वापरायचे असतात. तुमच्या वायरमननं जास्त व्होल्टचा घातला म्हणून तो टिकेल हे खरं, पण तुम्ही पैसे पंचवीसचे दिले आणि घरी आले सोळा. हे माझ्या धंद्यातलं सगळ्यात जुनं गाऱ्हाणं. बिलावर केव्हीएआर लिहितात, व्होल्ट कुणी लिहीत नाही. घेताना व्होल्टसकट कोटेशन मागा.

मोजायची सोपी खूण: ४४० चा डबा असेल तर दर केव्हीएआरला सव्वा ते १.३ अँपिअर. तिन्ही फेज सारखे हवेत. एक फेज पूर्ण आणि दोन फेज साठ टक्क्यांच्या खाली आले, तर आतला एक सेल मेलाय. तुमचे सगळे जिवंत आहेत.

आता मे महिना. लॅग-लीड मिळून ३८,२००. ९६,४०० बरोबर वर्ग-वर्गमूळ केलं की १,०३,७०० येतं, म्हणजे पीएफ ०.९३. दोन्हीकडून मार खाल्लाय बघा. मोटारी चालू असताना बँक अपुरी पडली म्हणून लॅग, आणि रोज चार-पाच तास मोटारी थांबल्या तेव्हा तीच बँक जास्त झाली म्हणून लीड. पीएफ ०.९९ ठेवला असता तर युनिट ९७,४०० च्या आसपास आलं असतं. महिन्याला सहा हजार युनिट. चेअरमनना सांगा, पाचच्या मोटारीचं बिल असं लागत नाही म्हणून अडलं नाही.

आता टकटक का करतंय. यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय आयुष्यात. हा रिले बहुतेक वेळा व्होल्टेज वाय आणि बी फेजमधून घेतो आणि करंट मोजणारी कडी, म्हणजे सीटी, आर फेजवर मागतो. सीटी चुकून वाय किंवा बी वर बसली, नाहीतर तिची दोन टोकं उलटी लागली, की रिलेला भलताच पीएफ दिसतो. लॅगला लीड समजतो, डबे काढतो, मग घालतो, मग काढतो. बसवणारी पोरं कंटाळतात, मॅन्युअलवर टाकतात, चहा पिऊन जातात. पुढची पाच वर्षं तसंच.

तपास असा. दोन मोटारी चालू करा. रिलेवर पीएफ बघा. मॅन्युअलवरच एक डबा घाला. पीएफ लॅगमधून एकाकडं सरकायला हवा. उलटा सरकला किंवा वेडावाकडा उडाला तर सीटीचं काम आहे. सीटीचं सेकंडरी चालू लाईनवर उघडू नका, तिथं हजारभर व्होल्ट उभे राहतात. मोटारी बंद, मेन बंद, मग हात लावा.

सीटी कुठं बसलीय तेही बघा. ती मेन इनकमरवर हवी, जिथून मोटारींचा आणि डब्यांचा दोन्हींचा करंट जातो. मी एका कोल्ड स्टोअरेजमध्ये पाहिली ती डब्यांच्या फाट्याच्या पुढं, मोटारींच्या बाजूला होती. रिले डबे घालत राहायचा, त्याला सुधारणा कधी दिसायचीच नाही, म्हणून आणखी घालायचा. बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं की काम झालंय.

फलटणचा मेंटेनन्सवाला

जुन्या डब्याच्या फुटण्यावर थोडं. मी फलटणला दूध शीतकरणाच्या एका प्लांटला आहे. आमच्याकडं ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, ५ टक्के इम्पिडन्सचा (आतल्या अडथळ्याचा). दोन कॉम्प्रेसरला व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारं यंत्र) बसवल्यावर डबे लाह्यांसारखे फुटायला लागले. आठवड्याला एक. आणि गंमत म्हणजे १५० केव्हीएआरपर्यंत काही नाही, २०० झाले की फुटणार.

नंतर कळलं. ५०० ला पाच टक्क्यांनी भागलं की दहा हजार. दहा हजार भागिले २०० म्हणजे पन्नास, त्याचं वर्गमूळ सात. व्हीएफडी पाचवा आणि सातवा हार्मोनिक सोडतो, म्हणजे लाईनच्या पाचपट आणि सातपट वेगाच्या लहरी. ट्रान्सफॉर्मर आणि बँक मिळून नेमकं सातव्यावर सूर धरत होते. १५० ला हाच हिशेब आठच्या वर जातो, म्हणून तिथं शांत. शेवटी ७ टक्क्यांचे रिॲक्टर आणि ५२५ चे डबे बसवले, तेव्हापासून शांतता आहे. सेक्रेटरीसाहेब, तुमच्याकडं व्हीएफडी किंवा सॉफ्ट स्टार्टर आहे का?

नदीकाठचा सेक्रेटरी

नाही. साधे स्टार-डेल्टा स्टार्टर. तुमचा हिशेब चारदा वाचला, चौथ्यांदा कळला.

फलटणचा मेंटेनन्सवाला

मग हार्मोनिक नाही. लाईट जाते-येते किती?

नदीकाठचा सेक्रेटरी

जूनच्या सुरुवातीला वळवाचा वारा सुटला की विचारू नका. जाते, पाच-दहा सेकंदांत येते, परत जाते. बाभळीची फांदी घासली तरी फीडर ट्रिप होतो.

निवृत्त ऑपरेटर

मग तेच कारण. मी मिरज तालुक्यात ३३/११ केव्ही उपकेंद्रावर ऑपरेटर होतो, आता घरी. ११ केव्हीचा कॅपॅसिटर बँक रोज चालू-बंद करायचो, म्हणून बोलतो.

कॅपॅसिटर बंद केला म्हणजे रिकामा झाला असं नाही. तो भरलेला राहतो. एलटीच्या डब्यात डिस्चार्ज रेझिस्टर असतो, तो तीन मिनिटांत व्होल्टेज ७५ च्या खाली आणतो. तीन मिनिटं. तुमच्याकडं लाईट पाच सेकंदांत परत येते आणि मॅन्युअलवर चारी काँटॅक्टर एका दमात ओढले जातात. आत भरलेलं व्होल्टेज एका दिशेला, बाहेरून येणारं उलट्या दिशेला. डब्याला बसणारा धक्का तुम्ही मोजूच नका. ऑटोवर असता तर रिलेनं लाईट गेल्यावर सगळे सोडले असते आणि वेळ घेऊन एकेक घातला असता. वाऱ्याच्या एका संध्याकाळी असे किती धक्के बसले असतील ते तुम्हीच मोजा.

ठेकेदारांना एक विचारतो, काँटॅक्टर साधे आहेत का कॅपॅसिटर ड्यूटीचे? डोक्यावर रेझिस्टरच्या तारांची वेटोळी दिसतात ते. साधे असतील तर त्यांचे पॉइंटही चिकटत असणार.

उपकेंद्रावर आमच्या बँकेला दहा मिनिटं थांबायचा नियम होता. दहा मिनिटं झाली तरी डिस्चार्ज रॉड लावल्याशिवाय कुंपणाच्या आत पाय नाही. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, मी आठ मिनिटांनी गेलो. रॉड लावला तर चट्ट आवाज झाला आणि टोकाला निळी ठिणगी. रॉड हातात होता म्हणून आज लिहितोय. त्यानंतर मी घड्याळ न बघता कधी गेलो नाही, आणि घड्याळ बघूनही रॉड सोडला नाही. तुमच्या वायरमनला हे सांगा. ७५ व्होल्टसुद्धा ओल्या हाताला कमी नसतात, डबे स्क्रू ड्रायव्हरनं शॉर्ट करून बघायची सवय तर सोडाच.

आणि तुम्ही सभासदांना हेही सांगा की लीड मोजतात तो त्रास द्यायला नाही. पावसाळ्यात कृष्णाकाठचा शेतीचा लोड उतरला की आमच्या फीडरचं व्होल्टेज आपोआप वर चढायचं. कॅपॅसिटर ते आणखी चढवतो. आम्ही जूनअखेरीला बँक काढून ठेवायचो आणि ऑक्टोबरात मोटारी ओढायला लागल्या, शेवटच्या गावात दिवे मंदावले की घालायचो. कोयना कितीही जवळ असली तरी रिॲक्टिव्ह पॉवर, म्हणजे चुंबकाला लागणारी ती बिनकामाची वीज, लांबनं आणणं परवडत नाही. तारा तापतात, व्होल्टेज पडतं. ती लागेल तिथं, लागेल तेव्हाच द्यायची असते.

कुपवाडचा ठेकेदार

काका, बरोबर बोललात. बहुतेक साधेच असतील, त्या किमतीत दुसरे येत नाहीत.

सेक्रेटरीसाहेब, माझ्या मते हे करा. मोळीच्या आधी सीटी नीट करून रिले ऑटोवर. काँटॅक्टर कॅपॅसिटर ड्यूटीचे घ्या. एकूण ४४० व्होल्टवर १०० केव्हीएआर करा, ४१५ वर ते ८९ भरतील, तेवढे पुरेत. ५२५ चा डबा काढून तिथं ४४० चा पंचवीस घाला, आणि आणखी एक पंचवीसचा वाढवा. एकदम शंभरीच्या पुढं जाऊ नका, दोन मोटारींना गरज नाही. पाचचा एक बारका डबा ट्रान्सफॉर्मरपुरता कायम ठेवला तरी चालेल, पण ते नंतर.

मोटारीजवळ डबा बसवा असं कुणी सांगेल. सांगणारा चूक नाही. पॅनेलमधला डबा तुमच्या १८० मीटर केबलचा करंट कमी करत नाही, तो फक्त ट्रान्सफॉर्मरच्या बाजूचा कमी करतो. मोटारीशी २५ चा लावला तर त्या केबलमधला करंट १३२ वरून ११९ वर येईल आणि केबलचा लॉस पाचव्या भागानं उतरेल. पण तुमचं जॅकवेल पुरात जातं आणि स्टार्टर स्टार-डेल्टा आहे. स्टारवरून डेल्टावर जाताना मोटार क्षणभर लाईनपासून सुटते. तेव्हा डबा तिच्या टोकाला राहिला तर मोटार जनरेटरसारखी वागते आणि व्होल्टेज चढतं. जोडणी माहीत असणाऱ्याचंच काम आहे. तुमच्या ठिकाणी मी नाही करणार.

मळईचा पाटील

माझ्या शेतातल्या पाचच्या मोटारीला किती बसवायचा मग? विचारतोय फक्त.

कुपवाडचा ठेकेदार

२ केव्हीएआर. स्टार्टरच्या पुढं, मोटारीबरोबर बंद होईल असा. तीनच्या मोटारीला १, साडेसातच्याला ३. बिल कमी होणार नाही, पण सगळ्यांनी लावले तर तुमची डीपी कमी तापेल. चेअरमनसाहेबांनी माळ्यावरचा काढला तरी हरकत नाही, पण एवढ्या वर्षांनी आधी टाँग टेस्टर लावून बघा.

नदीकाठचा सेक्रेटरी

उशिरा लिहितोय, हंगाम सुरू झाला आणि सवड मिळेना.

सीटी वाय फेजवरच होती. मेन बंद करून आर वर घेतली, वीस मिनिटांचं काम. मग दोन मोटारी चालू करून एकेक डबा घातला. पीएफ ०.८४, ०.८८, ०.९१ असा शिडी चढल्यासारखा वर गेला. वायरमन म्हणाला, "साहेब, आता बरोबर दिशेला चाललंय." सहा महिने ज्यानं मला ऑटोला हात लावू दिला नाही, तोच. असो. माणूस चांगला आहे.

काँटॅक्टर साधेच निघाले. दोघांचे पॉइंट काळे पडून खड्डे पडलेले, एक तर अर्धा चिकटलेला. सगळे बदलले. डबे तुम्ही सांगितले तसे, ४४० चे, कोटेशनवर व्होल्ट लिहून घेऊन. दुकानदारानं विचारलं, हे कुणी शिकवलं? ५२५ चा काढलेला डबा फलटणच्या भाऊंना रिॲक्टरच्या जोडीला हवा असेल तर सांगा, निम्म्या किमतीत देतो.

नोव्हेंबरचं बिल आलं. केडब्ल्यूएच ७१,२००. लॅग ९,८००. लीड ३००. बिलाचं युनिट ७१,९१३. मीच वर्गमूळ काढून पडताळलं, जमलं. ऑगस्टच्या पैशांचं काही होत नाही, ते भरले.

काकांचं ऐकून पॅनेलच्या दारावर आतून कागद चिकटवलाय: मेन बंद केल्यावर दहा मिनिटं. तीनऐवजी दहाच लिहिलंय, आमच्या माणसाला तीन सांगितलं तर तो एक करतो. आणि जूनमध्ये मोटारी बंद झाल्या की कॅपॅसिटरचा एमसीसीबी (कप्प्याचा मुख्य स्विच) पाडायचा, हे वहीत वेगळं.

परवा मीटिंगला चेअरमननी विचारलं, "काढला का शेवटी कंडेन्सर?" म्हटलं, नाही अण्णा, एक वाढवला. बिल पुढं ठेवलं. चष्मा लावून बराच वेळ बघितलं, लीडच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे तीनशे तरी कशाला?"